दुसरा कीबोर्ड घेण्याआधी

अंबाजोगाई, जि. बीड

प्रिय भाचेबुवा,


तुझ्या बँडचा व्हिडिओ पाहिला. मामीला तुझे वाढलेले केस दिसले, मला तुझा उजवा हात. बोटं पळतात, त्यात वाद नाही. पण ती मुलगी गात होती तेव्हाही पळत होती आणि गिटारवाला रंगात आला तेव्हाही पळतच होती. आणि वर तू विचारतोस, "मामा, दुसरा कीबोर्ड घेऊ का? प्रोग रॉकला एकानं भागत नाही." हो की नाही एवढं फोनवरही सांगितलं असतं. कारण मात्र लांबलचक आहे, म्हणून पत्र.

तू पाठवलेली गाणी मी ऐकली, काही तर दोनदोनदा. त्यातली दोन एकाच वर्षातली निघाली, 1971 मधली. 'इमर्सन, लेक अँड पामर'चं 'टार्कस' आणि पिंक फ्लॉइडचं 'एकोज'. दोन्ही वीस मिनिटांच्या पुढची, तबकडीची एक अख्खी बाजू व्यापणारी. 'टार्कस' सुरू होतं ते पाच मात्रांच्या धडाक्यात. कीथ इमर्सनचा डावा हात यंत्रासारखा तीच आवर्तनं घेत राहतो आणि उजवा वर आग लावतो. आपण झपतालावर वाढलेली माणसं, आपल्याला तो पाचाचा झोल लगेच अंगात भिनतो. 'एकोज'च्या आरंभी मात्र रिचर्ड राइट पियानोचा एक वरचा सूर वाजवतो, फिरत्या भोंग्याच्या लेस्ली स्पीकरमधून काढलेला. मग थांबतो. मग पुन्हा तोच सूर.

आता तुला वाटेल, मामा पेटीवाला, तो राइटची बाजू घेऊन मोकळा होणार. इतकं सोपं नाही. इमर्सनच्या त्रिकुटात स्वतंत्र लीड गिटारवाला नव्हताच. ती जागा कोणी भरायची? त्यानेच. तो हॅमंड ऑर्गनच्या पट्ट्यांत सुरे खुपसायचा त्याचा तमाशा झाला खरा, पण त्याने पट्टी दाबलेली राहते आणि सूर चालू राहतो, हेही आहेच. आपल्याकडे सा धरून राहावा म्हणून पेटीत काडेपेटीची काडी खोचणारे मी पाहिलेत. फरक एवढाच की त्यांना कोणी टाळ्या दिल्या नाहीत. आणि संतकवी दासोपंतांच्या गावात राहून 'फार' हा दोष आहे असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? सव्वा लाख ओव्यांचा गीतार्णव लिहून झाला, तरी या माणसाला चाळीस फुटांची पासोडी लिहायला कापड अपुरं वाटलं असेल!

रिक वेकमनचं मात्र मला जमलं नाही. 1975 मध्ये त्याने राजा आर्थरची कथा वेंब्लीला बर्फावर स्केटिंग करणाऱ्यांसह सादर केली, स्वतः अंगावर झगमगता झगा घालून. हात गोड आहे रे त्याचा, 'येस' बँडमध्ये ऐकताना कळतं. पण तिथे त्याला अडवायला चार माणसं होती.

वाद्याचा स्वभावही ध्यानात घे. मेलोट्रॉनच्या प्रत्येक पट्टीखाली टेपचा तुकडा असतो, जेमतेम आठ सेकंदांचा. तो संपला की आवाज बंद. त्यावर तुफान पळापळ करणं अवघडच, ते संथ आणि भरीव वाजवायचं वाद्य. मिनीमूगवर उलट, एका वेळी एकच सूर निघतो, पण बाजूच्या चाकाने तो ओढता येतो. म्हणजे मींड! आमच्या पेटीला जी जन्मात मिळाली नाही ती. या उणिवेपायी आणि आणखी काही आक्षेपांपायी आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीला दार बंद केलं. 1971 मध्येच ते किलकिलं झालं, तेही साथीपुरतं. एकल वादनाला तेव्हाही नाहीच.

मींड नाही म्हणूनच चांगला पेटीवाला कमी वाजवायला शिकतो. जालन्याकडचे आप्पा जळगावकर भीमसेनांच्या, जसराजांच्या साथीला असत. त्यांची साथ नीट ऐक. गायक जिथे सूर घासून नेतो तिथे ते मागोमाग धावत नाहीत, तो जिथे पोहोचतो तिथे जाऊन थांबतात. बोटं तुझ्याहून मंद होती असं समजू नकोस.

आणि आपल्या हरिनाम सप्ताहातल्या कीर्तनात काय चाललंय ते तू पाहिलंसच. बुवांची पट्टी काळी चार. बुवा निरूपणाला लागले की जुना पेटीवाला भाता बोटभर हलवत नुसता षड्ज धरतो. बुवांनी चालीचं पहिलं अक्षर उचललं की पूर्ण भाता, आणि मग मागे टाळकरी. हल्ली शेजारी कॅसिओ आला (कंपनी कुठलीही असो, आपल्याकडे तो कॅसिओच). व्हायोलिनचा आवाज लावला की तो पहिल्या अभंगापासून काल्यापर्यंत हलत नाही. बुवा आईविषयी बोलू लागले की बासरी, सिनेमातल्यासारखी. त्या पोरांनाही हात आहे, कान कोणी दिला नाही.

तेव्हा पहिला प्रश्न असा की तुमच्या बँडात रिकामी जागा किती आहे. गिटार आहे, गळा आहे, ड्रमवाला तर मोकळाच सुटलेला आहे. तू इमर्सनच्या जागेवर बसलेला नाहीस, राइटच्या आहेस. त्या जागेला त्रासही आहे, तो लपवत नाही. 'द वॉल' या अल्बमच्या वेळी राइट काही करतच नाही असं म्हणून त्याला बँडमधून काढलं आणि दौऱ्यावर पगारी वादक म्हणून नेलं. गंमत अशी की दौरा तोट्यात गेला, बाकीच्यांच्या खिशाला चाट बसली आणि पैसे मिळाले ते या एकट्याला. तुझा गिटारवालाही उद्या म्हणेल, हा नुसता बसून असतो. म्हणू दे.

एक कर. त्याच गाण्याचं तुझ्या कीबोर्डाशिवायचं रेकॉर्डिंग पाठव. तू कुठे हात लावावास आणि कुठे मांडीवर ठेवावास, ते मिनिट-सेकंदासह लिहून पाठवतो. पटलं नाही तर मार्गशीर्षात योगेश्वरीच्या यात्रेला ये, पेटीवर बसून भांडू. आणि दुसरा कीबोर्ड घ्यायचाच असेल तर पैसे मामीकडे माग, माझ्याकडे नाहीत.

तुझा,
मामा