शब्द

अप्पा बळवंत चौकातील पाठ्यपुस्तकांची गर्दी ओसरली, की त्या लहानशा दुकानात कादंबऱ्या चाळणारे आम्ही दोघे-तिघेच उरत असू. काउंटरमागचे काका आधी विचारीत, "शेवटचं काय वाचलंत?" आणि मगच पुस्तक काढीत. १९९४ साली प्रसिद्ध झालेली रंगनाथ पठारे यांची 'ताम्रपट' नवी असताना त्यांनीच माझ्या हाती ठेवली. "सावकाश वाचा. नाही आवडली तर परत आणा."

त्या जाडजूड कादंबरीची शंभरेक पाने वाचून झाली आणि मेसचे बिल आले. पैशांची अडचण सांगण्याची लाज वाटली. 'आवडली नाही' म्हणून मी पुस्तक परत केले. काकांनी पैसे मोजून दिले. "माझा अंदाज चुकला," एवढेच म्हणाले. पुढे त्यांनी मला काहीही सुचवले नाही.

१९९९ साली कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा ती पुन्हा घ्यायला गेलो. काका काम सोडून गावी गेले होते. समीक्षकांनी लिहिण्याआधी नव्या पुस्तकासाठी कुणीतरी आपला शब्द खर्ची घालीत असतो. काकांचा शब्द मी खोटा पाडला. तो खरा होता, हे सांगायचे राहूनच गेले.