समोर विळा, तरी अक्षर कळेना

गेले काही वीकेंड डोक्यात एक नवीन खूळ शिरलंय. कोरियन लिपी! नाही, कोरियन सिरियल्स पाहून नाही (पाहत असलो तरी इथे कबूल करणार नाही :)). हापिसात कोरियन क्लायंट आलाय असंही नाही. भाषा शिकायला वर्षं लागतील, ते आपल्याच्याने होणार नाही. पण नुसती लिपी? ती म्हणे हुशार माणसाला एका सकाळीत येते आणि मठ्ठ माणसाला दहा दिवसांत. हा दावा कुठल्या क्लासच्या जाहिरातीतला नाही हां, १४४६ सालच्या पुस्तकातला आहे. म्हटलं, आपण नक्की कुठल्या गटात ते तरी कळेल.

तर ही लिपी, म्हणजे हांगुल, राजा सेजोंगने १४४३ मध्ये तयार केली आणि १४४६ मध्ये जाहीर केली. त्याआधी कोरियात लिहायचं म्हणजे चिनी चित्राक्षरं, हजारोंच्या संख्येनं पाठ करायची. शेतात राबणाऱ्याला ते कधी जमायचं? म्हणून राजानं २८ अक्षरं काढली. आज त्यातली २४ वापरात आहेत, १४ व्यंजनं आणि १० स्वर.

आणि मंडळी, आकार तर बघा! 'न' म्हणजे नुसता काटकोन, सुताराच्या गुण्यासारखा. 'न' म्हणताना जिभेचं टोक वर दातांमागे टेकतं ना, तेच ते चित्र. 'म' म्हणजे चौकोन, मिटलेलं तोंड. घशासाठी गोल. 'क' म्हणजे उलटा काटकोन, जिभेचा मागचा भाग वर उचललेला. त्याच्या पोटात एक आडवी रेघ मारली की झाला 'ख'. हे आकार कुठून आले यावर लोक बरीच वर्षं तर्क लढवत होते, खिडकीच्या जाळीवरून सुचले असंसुद्धा कुणी म्हणे. मग १९४० मध्ये त्या मूळ पुस्तकाची प्रत सापडली आणि त्यात सगळा खुलासा निघाला.

आपल्याला हे शास्त्र नवीन नाही. क-च-ट-त-प म्हणत गेलं की आवाज घशापासून ओठांपर्यंत येतो. फक्त आपल्याकडे ते अक्षरांच्या क्रमात आहे, त्यांच्याकडे आकारातही. आपल्या 'क' आणि 'ख' च्या तोंडवळ्यात काहीएक नातं नाही, पोरानं दोन्ही वेगवेगळी घोकायची.

आता थोडं आमच्या धंद्यातलं (कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा). हांगुलमध्ये अक्षरं ओळीत लिहीत नाहीत, एकेका उच्चाराचा चौकोनी ठोकळा करतात. 'हान' लिहायचं तर वर डावीकडे ह, उजवीकडे आ, खाली न. सुरुवातीला १९ पर्याय, मध्ये २१ स्वर, शेवटी २८ (शेवटी काहीच नाही, हा धरून). गुणाकार करा, ११,१७२. युनिकोडमध्ये बरोब्बर तेवढेच ठोकळे ओळीनं बसवलेत, ४४०३२ पासून पुढे. त्यामुळे कुठल्याही ठोकळ्याचा नंबर साध्या गणितानं निघतो. 'ह' चा क्रमांक १८, 'आ' चा ०, शेवटच्या 'न' चा ४. अठरा गुणिले एकवीस, अधिक शून्य, गुणिले अठ्ठावीस, अधिक चार, आणि त्यात ४४०३२ मिळवा. उत्तर ५४६२०. म्हणजे 'हान'! साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाची रचना आजच्या कॉम्प्युटरला अशी चपखल बसते, हे बघून मी रात्री साडेबाराला एकटाच हसत होतो.

असो. अक्षरं आली, पण वाचन? ती वेगळीच गंमत. स्वारगेटला भुयारी मेट्रोत बसलो की पिंपरीपर्यंत मोबाईलवर कोरियन मथळे वाचायचे, असा नेम केलाय. एक ठोकळा फोडायचा, आवाज लावायचा, पुढचा फोडायचा... तिसऱ्याशी येईपर्यंत पहिला विसरलेला. एका ओळीला मंडई ते जिल्हा न्यायालय! आणि मान वर केली की समोरची मराठी पाटी न वाचताच वाचून झालेली असते. आपल्याला वाचता येणं बंदच करता येत नाही, हे कधी लक्षात आलंय तुमच्या?

त्यात आपले मराठी कान आडवे येतात. 'कोगी' म्हणजे मांस. यातला 'क' आणि 'ग' लिहायला एकच अक्षर! शब्दाच्या सुरुवातीला ते 'क' कडे झुकतं, दोन स्वरांच्या मध्ये 'ग' होतं. कोरियन माणसाला हा फरक जाणवतही नाही. उलट चंद्र, मुलगी आणि मुखवटा हे त्यांचे तीन शब्द मला आलटूनपालटून 'ताल', 'त्ताल', 'थाल' असे ऐकू येतात, आणि त्यांच्या बालवाडीतल्या पोराला त्यात काडीचीही शंका नसते. अक्कल तीच, फक्त सवय वेगळी.

हे सगळं चालू असताना एक कोरियन म्हण सापडली. आपण ज्याला 'ढ' म्हणतो, त्याच्यासाठी ते म्हणतात, समोर विळा ठेवला तरी याला 'गियोक' ओळखता येत नाही. गियोक म्हणजे तोच उलटा काटकोन, त्यांचं पहिलं अक्षर, हुबेहूब विळ्यासारखं. पहिल्यांदा हसलो. मग हसू गेलं, कारण माझी आजी आठवली.

आजीच्या हातात आयुष्यभर विळा होता आणि तिला एक अक्षर येत नव्हतं. वाईहून आमच्याकडे यायची, परत जाताना स्वारगेटच्या एसटी स्टँडवर मी सोडायला. पाटी तिच्या समोर, पण ती विचारायची, "वाईचीच का रं ही?" एकाला, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. मला शाळकरी वयात भयंकर लाज वाटायची. मी सांगतोय ना, मग परत का विचारते? आज कळतं, तिची पद्धत पक्की होती. एक माणूस चुकू शकतो, एखादा थट्टाही करतो, तीन वेगवेगळे लोक एकच सांगतात तेव्हा खरं. विमानातले कॉम्प्युटर असंच बहुमतानं ठरवतात, त्याला आम्ही मोठमोठी नावं देतो. आजीला 'अडाणी' म्हणायचे.

मेट्रोत ठोकळे फोडताना मी जो असतो, तशी ती सत्तर वर्षं होती. फरक एवढाच की मला मान वर करून मराठी पाटी बघता येते. तिला दुसरी पाटीच नव्हती.

सेजोंगची लिपी सोपी होती म्हणून लगेच सगळे शिकले असं झालं नाही, बरं का. १४४४ मध्येच छ्वे माल्ली या दरबारी विद्वानानं विरोधाचा अर्ज केला. पुढे शतकानुशतकं मानाचं लेखन चिनी अक्षरांतच राहिलं, हांगुल बायकांची आणि सामान्यांची म्हणून हिणवली गेली. सरकारी कागदावर तिला अधिकृत जागा मिळाली ती १८९४ मध्ये! म्हणजे अक्षर सोपं असून भागत नाही, ते कुणीतरी माणसापर्यंत न्यावं लागतं. आपल्या पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली आणि १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रशाळा. ठाणे जिल्ह्यात मुरबाडजवळ फांगणे गावी ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी हा गणवेश, पाठीला दप्तर, आणि अंगठ्याऐवजी सही. वय साठच्या पुढे. त्यांना कुणी विचारत नाही की एका सकाळीत येतं की दहा दिवसांत.

मला किती दिवस लागले? अक्षरांना चार, वाचन अजून चालूच आहे.

तर स्वारगेटला कुणी म्हातारी "ही गाडी कुठली रं?" म्हणाली, तर नुसतं पाटीकडे बोट दाखवू नका. नीट वाचून, मोठ्यानं सांगा. तिनं आधी दोघांना विचारलेलं असेल, तिसरं मत तुमचं आहे.