टेस्टरची साक्ष

विजेचे मला लहानपणापासून भय आहे, आणि ज्या वस्तूचे भय वाटते तिच्याशी खेळण्याचा मोहही तितकाच अनावर असतो. म्हणूनच की काय, सेवानिवृत्तीनंतर माझे सोबती तीर्थयात्रेला निघाले तेव्हा मी पत्र्याची एक जुनी पेटी, एक कॉन्टॅक्टर, एक तांबडे व एक हिरवे बटण आणि रंगीबेरंगी तारांची भेंडोळी पुढ्यात घेऊन पडवीत बसलो होतो.

निमित्त हळदीचे. आमचे शिरड शहापूर औंढा नागनाथ तालुक्यातले. परगावचा माणूस त्याला मल्लिनाथांच्या जैन मंदिरामुळे ओळखतो. आम्हांला मात्र फाल्गुन-चैत्रात गावाची ओळख नाकाने पटते. हळद खणावी, वाफेवर शिजवावी, पंधरवडाभर उन्हात वाळवावी आणि मग ढोलात घालून फिरवावी, म्हणजे मुळ्या व साली झडून हळकुंडाला झळाळी चढते. ती चढली नसेल तर वसमतच्या बाजारात व्यापारी पोत्यात हात घालून नुसता 'हं' म्हणतो, आणि त्या एका 'हं'ची किंमत आपल्याला क्विंटलमागे मोजावी लागते. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. व्यापाऱ्याचा 'हं' काही बदलला नाही.

आमचा ढोल हाताने फिरवावा लागे. त्याला मी तीन अश्वशक्तीची एक जुनी मोटार जोडली, आणि ती चालू-बंद करणारी पेटी विकत न आणता घरीच करण्याचे ठरवले. तिचे तत्त्व सोपे आहे. हिरवे बटण दाबले की कॉइलमधून वीज जाते, कॉइलचे लोहचुंबक होते आणि तिन्ही फेजांचे जोड एकदम मिटतात. तांबडे दाबले की कॉइलचा प्रवाह तुटतो व जोड उघडतात. हे सारे मी कागदावर इतके सुबक काढले होते, की प्रत्यक्षात ते चुकेल अशी शंकाही मला शिवली नाही. जादा भार आल्यास मोटार बंद पाडणारा ओव्हरलोड रिले तेवढा 'पुढच्या महिन्यात बसवू' म्हणून बाजूला ठेवला.

त्या आठवड्यात शेतीच्या विजेची पाळी रात्रीची होती. मेन चढवला, तीन फेजांचे तीन दिवे लागले. झाकण लावताना माझा पुतण्या म्हणाला, "काका, पेटीला हात लावला की मुंग्या येतात." मी टेस्टर लावून पाहिला. तो अगदी क्षीण उजळला. त्याबरोबर माझ्यातला मास्तर जागा झाला, आणि ही जवळच्या तारांमुळे उपजलेली प्रेरित वीज होय, तिच्यात काही दम नसतो, असे दहा मिनिटांचे व्याख्यान मी त्या पोराला ऐकवले. तो गप्प बसला. मास्तरांपुढे गप्प बसणे म्हणजे पटणे नव्हे, हे चौतीस वर्षे वर्गात उभा राहूनही मला उमजले नव्हते.

मग हिरवे बटण दाबले. 'खट्' असा आवाज झाला. मोटार नुसती घुमली, फिरली नाही. टेस्टर घेऊन मी कॉन्टॅक्टरची तिन्ही टोके पाहिली, मोटारीची तिन्ही टोके पाहिली. सगळीकडे तो उजळला. वीज तर सर्वत्र पोचते आहे! मी पुन्हा बटण दाबले, आणखी एकदा दाबले. तिसऱ्या खेपेस वार्निश जळल्याचा वास आला, तेव्हा कुठे मेन पाडला.

दुसऱ्या रात्री गावातल्या एका जुन्या वायरमनांना बोलावून आणले. त्यांनी माझी हकीकत ऐकली, टेस्टर हातात घेऊन फिरवला आणि म्हणाले, "गुरुजी, हा टेस्टर म्हंजे होयबा हाय. थोडी जरी वीज दिसली तरी 'हो' म्हनतो. किती हाय, कुठून आली, ते इचारायचं न्हाई याला."

मला ते झोंबले, कारण टेस्टरचे शास्त्र मीच मुलांना शिकवीत आलो होतो. रॅमसे व ट्रॅव्हर्स यांनी १८९८ साली लंडनमध्ये शोधून काढलेला निऑन वायू त्या इवल्याशा नळीत भरलेला असतो. तिच्यामागे मोठा रोध असतो, आणि मंडल पुरे होते ते आपल्याच देहातून जमिनीपर्यंत. मिलिअँपिअरचा एखादा अंशही त्या वायूला पुरतो. हे सर्व मला ठाऊक होते. ठाऊक असलेली गोष्ट वेळेवर आठवणे हे मात्र निराळे.

वायरमनांनी शंभर वॅटचे दोन दिवे एकामागे एक जोडले. दोन फेजांमध्ये ४१५ व्होल्ट असतात, एकटा २३० व्होल्टांचा दिवा तेवढ्याने फुटायचा. मी पट्टा काढला. त्यांनी दिव्यांची टोके मोटारीच्या टोकांना लावली आणि मला क्षणभर बटण दाबायला सांगितले. पहिल्या जोडीवर दिवे लख्ख लागले. उरलेल्या दोन्ही जोड्यांवर ते मिणमिणले. तिसरी फेज मोटारीपर्यंत पोचतच नव्हती. तिथे जे दिसत होते ते पहिल्या दोन फेजांचेच, मोटारीच्या वेटोळ्यांतून फिरून आलेले उसने व्होल्ट. मेन पाडून तार उपसली, तेव्हा दोष हाती लागला: मी स्क्रू आवळला होता तो तांब्यावर नव्हे, तारेच्या प्लॅस्टिकवर!

येथे प्रकरण संपले असते तर मी हा निबंध लिहिलाही नसता. वायरमन साहित्य आवरू लागले तोच पुतण्या हळूच म्हणाला, "मामा, पेटीला मुंग्या येतात." त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "अर्थिंग केलं का?" केले नव्हते. विहिरीजवळच्या अर्थिंगच्या नळाची तार आणून त्यांनी पेटीला आवळली आणि मेन चढवला.

'खट्'! कोणीही बटणाला हात लावला नव्हता. मोटार आता तिन्ही फेजांवर भरधाव फिरू लागली. मी तांबडे बटण दाबले, ती थांबेना. दोन्ही हातांनी दाबून धरले, तरी थांबेना. वायरमनांनी मेन ओढला.

कारण शोधायला घटका लागली. कॉइलच्या एका टोकाला मी फेज थेट जोडली होती, आणि बटणे घातली होती न्यूट्रलच्या बाजूला. कागदावर दोन्ही सारखेच दिसते. परंतु कॉइल व बटण यांच्यामधली तार झाकणाच्या कडेला चेमटून सोलली गेली होती. त्यामुळे मोटार बंद असतानाही कॉइलमधून आलेली वीज पेटीच्या पत्र्यावर उभी राहत होती, आणि पत्र्याला जमीन मिळताच बटणांना न विचारता कॉइलचे मंडल पुरे झाले. आदल्या रात्री ती जमीन म्हणजे माझा पुतण्या होता. पायात रबरी चपला, कोरडी माती आणि वाटेत कॉइलचा अडसर, एवढ्यावर निभावले. त्या वेळी पट्टा चढवलेला असता, पोर अनवाणी ओल्या जमिनीवर उभे असते, किंवा ढोलात हात घालून हळकुंडे काढीत असते, तर काय झाले असते, हे मी त्या रात्री अंथरुणावर पडून पुष्कळ वेळ मोजीत होतो. वहिनींना अर्थातच काही सांगितले नाही. पोराने सांगितले असावे, कारण दुसऱ्या दिवशी चहा आला तो पुष्कळच निवलेला.

पुढे मी सारी पेटी उकलली. बटणे फेजच्या बाजूला घेतली, तारेच्या भोकात रबरी कडे बसवले, ओव्हरलोड रिलेही लावला. आणि आता मेन चढवण्यापूर्वी मल्टिमीटरने एकेक वाट तपासली: तांबडे बटण न दाबता जुळलेले, दाबले की तुटलेले, हिरवे त्याच्या उलट, कोणत्याही फेजपासून पत्र्यापर्यंत वाट नाही. मग मोटार सोडवून नुसती कॉइल चालवली, मग पट्ट्यावाचून मोटार. ती उलटी फिरली, म्हणून दोन फेजांची अदलाबदल केली.

दिव्यांची जोडी त्या वेळी पुतण्याच्या हातात होती. तिन्ही जोड्यांवर ते सारखे लागले. त्याने पेटीचा पत्रा आणि न्यूट्रल यांच्यामध्येही एक दिवा लावून पाहिला. तो काळाच राहिला. मग तो म्हणाला, "काका, आता तुम्ही लावा पेटीला हात."

मी लावला. मग मेन पाडून आम्ही पट्टा चढवला आणि पहिले पोते ढोलात ओतले.