शरदातली उजळणी

प्रिय ताई,



तुझ्या पत्रातला प्रश्न नेमका आहे: उन्हाळ्यात हाक मारताच धावत येणारा कुत्रा आश्विनात हाकेला का जुमानत नाही? तो शिकवलेलं विसरला असेल, नाहीतर शेफारला असेल, असं तुला वाटतं. मला दोन्ही पटत नाही. तो विसरलेला नाही आणि तुझ्यावर कुरघोडीही करत नाही. ज्या परिस्थितीत तो ‘ये’ शिकला ती परिस्थिती बदलली आहे आणि नव्या परिस्थितीत त्याला ते कुणी शिकवलेलंच नाही. म्हणून दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचे जेमतेम तीन आठवडे तू उजळणीसाठी राखून ठेवावेस, असा माझा आग्रह आहे.

आपण समजतो की शिकवण एकदा पक्की झाली की जुनी सवय पुसली जाते. प्राण्यांच्या शिकण्याचा अभ्यास वेगळंच सांगतो. घंटेनंतर खाणं मिळेनासं झाल्यामुळे लाळ गाळायचं थांबलेल्या कुत्र्यात काही काळ गेल्यावर ती प्रतिक्रिया आपोआप परतते, हे शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हनेच नोंदवलं होतं. पुढे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्क बाऊटन यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की मोडलेली प्रतिक्रिया जागा बदलली की पुन्हा डोकं वर काढते. म्हणजे नवं शिकणं जुन्यावर चढतं, जुनं नाहीसं करत नाही आणि ते नवं शिकणं जिथे झालं त्या जागेशी बांधलेलं राहतं. वासामागे धावणं ही कुत्र्याची जुनी सवय, हाकेला परतणं ही नंतरची. मे महिन्यात रिकाम्या मैदानावर पक्की झालेली ही नंतरची सवय गजबजलेल्या, गवताळ, वासांनी भरलेल्या आश्विनात ढिली पडली तर त्यात नवल नाही.

आपल्याकडे शरदात किती गोष्टी एकदम बदलतात ते पाहा. पावसाळ्याचे चार महिने फिरणं आखूड होतं, सराव सुटतो, पार्किंगमधल्या दोन फेऱ्यांवर दिवस निभावतो. मग पाऊस ओसरतो आणि टेकडी एकाएकी खुली होते. गवत कमरेएवढं वाढलेलं असतं, त्यात गोचिडी असतात आणि पुढे कुसळं पंजात नि कानात शिरतात. भाद्रपद हा कुत्र्यांच्या माजाचा महिना हे तर आपल्या बोलण्यातच रुळलेलं आहे. पश्चिम बंगालमधल्या भटक्या कुत्र्यांच्या अभ्यासांतही त्यांचा समागमाचा काळ पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून पुढे असल्याचं दिसलं. नसबंदी न झालेल्या नराला या दिवसांत रस्त्यावरचा वास हाकेपेक्षा कितीतरी मोठा वाटतो. त्यातच गणपतीतले ढोल-ताशे, नवरात्रीतला गरबा आणि मग फटाके. उन्हाळ्यातली शिस्त यांपैकी कशालाही सामोरी गेलेली नव्हती.

तू म्हणशील, दिवाळीच्या तोंडावर एवढा वेळ कुठून आणायचा? इथे एक अभ्यास तुझ्या बाजूने आहे. 2011 मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी बीगल जातीच्या कुत्र्यांना एक काम शिकवलं. आठवड्यातून एक-दोनदा शिकवलेले कुत्रे रोज शिकवलेल्यांपेक्षा कमी पाठांत ते शिकले आणि एका वेळी एकाच पाठावर थांबलेले कुत्रे सलग तीन पाठ घेणाऱ्यांपेक्षा चांगले ठरले. तेव्हा तासभर घाम गाळायची गरज नाही. थोडकाच वेळ दे, पण जागा बदलत राहा: आधी घर, मग जिना, सोसायटीचं फाटक, शेवटी टेकडीचा पायथा. दर नव्या जागी अपेक्षा कमी कर, लांब दोरी लाव आणि तो आला की खाऊ सढळ हाताने दे. ऑक्टोबरचं ऊन लक्षात घे. डांबरावर हाताची मागची बाजू सहा-सात सेकंद टेकवता येत नसेल तर तिथे त्याचे पंजेही पोळतात, म्हणून सराव सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर कर. ‘ये’ इतकाच ‘सोड’चाही सराव हवा. फराळाच्या ताटातले बेदाणे आणि भेट म्हणून आलेलं चॉकलेट, दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत.

दुसरा आक्षेप तुझ्या घरातल्यांचा: लाड पुरे, त्याला दरारा दाखवा. या सल्ल्यामागे लांडग्यांच्या कळपातल्या म्होरक्याची कल्पना आहे. ती मुख्यतः रुडॉल्फ शेन्केल यांच्या 1947 च्या, बंदिस्त लांडग्यांवरच्या अभ्यासातून पसरली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी 1999 मध्ये स्पष्ट केलं, की रानातला कळप बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं असं कुटुंब असतं, तिथे गादीसाठी झगडा नसतो. दराऱ्याची किंमतही मोजली गेली आहे. पोर्तुगालमध्ये पाळीव कुत्र्यांवर झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धाक-शिक्षेने शिकवलेल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं जास्त आढळली आणि शिकवणीनंतर लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही अधिक वाढलं. उशिरा आलेल्या कुत्र्याला फटका मारलास तर ‘तुझ्याजवळ येणं धोक्याचं’ एवढंच तो शिकेल.

मग खाऊ म्हणजे लाच नव्हे का? खाऊ आधी दाखवून त्याला बोलावलंस तर ती लाचच, कारण तो खाऊकडे येतो, हाकेकडे नाही. काम झाल्यावर दिलेला खाऊ मात्र त्या कामाचं मोल असतो. सवय बसली की तो कधी दे, कधी देऊ नकोस. अनिश्चित अंतराने मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय लवकर मोडत नाही, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्रयोगांनी दाखवलंच आहे.

एका ठिकाणी मात्र माझाच मुद्दा मला मर्यादित करावा लागतो. फटाक्यांची भीती हा आज्ञापालनाचा प्रश्न नाही. आपल्याला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला सुमारे 45,000 पर्यंत, म्हणजे आपल्याला ऐकू न येणारे आवाजही त्याच्या कानावर आदळतात. भ्यालेला कुत्रा ‘बस’ ऐकत नाही, कारण त्या क्षणी त्याला काही ऐकण्याची शक्तीच उरत नाही. तिथे हट्ट धरू नकोस. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिवाळीतल्या फटाक्यांसाठी रात्री 8 ते 10 ही वेळ ठरवली असली तरी आवाज घड्याळ पाळत नाहीत, म्हणून अंधार पडण्याआधीच त्याला फिरवून आण आणि बाहेर नेताना पट्टा सोडू नकोस. आतापासून फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज अगदी हळू लावून त्यासोबत आवडीचा खाऊ देत जा. भीती फार असेल तर पशुवैद्यांना दिवाळीआधीच भेट, त्यावर औषधं आहेत. घाबरलेल्याला जवळ घेतल्याने भीती वाढते हा समज मनातून काढून टाक.

या सगळ्याचं सार एवढंच, की कुत्र्याची शिस्त हा त्याचा स्थायी गुण नसतो. तो तुझा आणि त्याचा चालू व्यवहार असतो आणि ऋतू बदलला की त्या व्यवहाराच्या अटी नव्याने ठरवाव्या लागतात. ते ठरवण्याची जबाबदारी आपली, कारण या गोंगाटाच्या वस्तीत त्याला आपण आणलं आहे. तेव्हा तो ऐकत नाही अशी तक्रार करण्याआधी, या जागी आणि या दिवसांत त्याला आपण शिकवलं होतं का, हे स्वतःला विचार. बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असं येईल, आणि ते बदलणं आपल्या हातात आहे.

तुझी धाकटी बहीण