वाढलेला आकडा आणि थकलेला हात

१/
मित्रहो, आजचा धागा एका कोड्याविषयी आहे. बेसबॉलमधील एखादा थोर फलंदाज चाळिशीकडे झुकतो, त्याचे पाय मंदावतात आणि तरीही केवळ धावण्याच्या बळावर मिळणारे त्याचे ‘इनफिल्ड हिट’ कधी कधी वाढलेले दिसतात. असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना माझ्या लघुप्रबंधातील एक संपूर्ण प्रकरण मोडीत निघाले. ती हकीकतही ओघाने येईलच.

२/
प्रथम खेळाची तोंडओळख. क्रिकेटमध्ये चेंडू मारल्यावर धावायचे की नाही, हे फलंदाज ठरवतो. बेसबॉलमध्ये चेंडू हद्दीच्या आत पडला की धावावेच लागते. पहिला बेस ९० फुटांवर, म्हणजे सुमारे २७.४ मीटरवर असतो. जमिनीवरून गेलेला चेंडू जवळच्या क्षेत्ररक्षकाने उचलून पहिल्या बेसवर फेकला आणि तो फलंदाजाच्या आधी पोहोचला, तर फलंदाज बाद. फलंदाज आधी पोहोचला, तर तो इनफिल्ड हिट. चपळ खेळाडूला हे अंतर कापण्यास चार सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. सारा निवाडा एखाद्या पावलाच्या फरकाने होतो.

३/
इतिहासात हा फटका म्हातारपणाची खूण म्हणून अवतरला नाही. १८९० च्या दशकातील बाल्टिमोर ओरिओल्स संघाने तो शस्त्रासारखा वापरला. चेंडू मुद्दाम खाली, प्लेटपुढच्या मातीवर जोराने आपटायचा. तो उंच उसळे आणि खाली येईपर्यंत फलंदाज बेसवर पोहोचलेला असे. ती माती मुद्दाम कडक ठेवली जात असे, असेही सांगतात. विली कीलर आणि जॉन मॅकग्रॉ यांच्या या संघाने १८९४, १८९५ आणि १८९६ अशी सलग तीन वर्षे नॅशनल लीग जिंकली. या फटक्याला आजही ‘बाल्टिमोर चॉप’ म्हणतात.

४/
पुढे १९२० साली बेब रूथने एका हंगामात ५४ होमरन मारले आणि खेळाची अभिरुचीच पालटली. चेंडू मैदानाबाहेर भिरकावणारा तो वीर ठरला. मातीत आपटलेल्या चेंडूमागे धावणाऱ्याची प्रतिष्ठा उतरली. नोंदवहीत मात्र दोघांच्याही नावापुढे ‘हिट’ हाच शब्द पडत राहिला.

५/
आता दोन खेळाडू पाहू. पहिला इचिरो सुझुकी. २००४ साली त्याने २६२ हिट मिळवले आणि जॉर्ज सिसलरचा १९२० मधील २५७ हिटांचा विक्रम मोडला. त्यांपैकी २२५ हिट एकाच बेसचे होते. त्या प्रकारात कीलरचा १८९८ मधील २०६ हा आकडाही मागे पडला. इचिरो डावखुऱ्या बाजूने खेळे, त्यामुळे पहिल्या बेसच्या पाऊलभर जवळ उभा असे आणि बॅट फिरत असतानाच त्याचे अंग बेसकडे झुकलेले असे. त्याचे इनफिल्ड हिट ही ऐन भरातील कारागिरी होती.

६/
दुसरा न्यूयॉर्क यांकीजचा डेरेक जीटर. हा उजव्या बाजूने खेळणारा. अर्थात ती पाऊलभराची सवलत त्याला नव्हती. २०१० साली तो छत्तीस वर्षांचा झाला आणि त्याची सरासरी .२७० वर घसरली. त्या वर्षी त्याने मारलेल्या चेंडूंपैकी जवळपास दोन तृतीयांश जमिनीवरून गेले. मेजर लीगमध्ये हे प्रमाण सर्वसाधारणपणे शंभरात पंचेचाळीसच्या आसपास असते. आणि याच जीटरने २०१२ साली, अडतिसाव्या वर्षी, २१६ हिट मिळवून दोन्ही लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला. तेव्हाही त्याचे शंभरातील साठाहून अधिक चेंडू जमिनीवरूनच जात होते.

७/
असे का होते? पिचरने ताशी दीडशे किलोमीटर वेगाने फेकलेला चेंडू सुमारे ०.४ सेकंदात फलंदाजापर्यंत येतो. वयाबरोबर बॅटचा वेग किंचित उतरतो. हा किंचितपणाच घातक असतो. बॅट क्षणभर उशिरा पोहोचते आणि चेंडूच्या मध्याऐवजी वरच्या भागावर बसते; जो चेंडू पूर्वी रेषेत सुटला असता, तो मातीत लोळतो. पिचरही हे हेरतात आणि खाली बुडणारे चेंडू अधिक टाकू लागतात.

८/
यातील विलक्षण गोष्ट अशी, की कडक बसलेला जमिनीवरचा चेंडू झटकन क्षेत्ररक्षकाच्या हाती जातो आणि फलंदाज सहज बाद होतो. अर्धवट लागलेला चेंडू मात्र रेंगाळत जातो. क्षेत्ररक्षकाला पुढे धावून यावे लागते, वाकून चेंडू उचलावा लागतो, तोल सावरत फेकावा लागतो. हाताच्या दुबळेपणाने पायांना अर्धा क्षण उसना मिळतो.

९/
आता साधा हिशेब करू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. तरुणपणी एका हंगामात जमिनीवरचे २०० चेंडू आणि त्यांतील दर शंभरी १० वर हिट, एकूण २०. उतारवयात पाय मंदावले म्हणून दर शंभरी ८ च, पण जमिनीवरचे चेंडू ३०० झाले, एकूण २४. प्रत्येक संधी साधण्याची कुवत घटली आणि तरीही बेरीज वाढली. ज्याने केवळ बेरीज पाहिली, तो म्हणेल, ‘हा गडी अजून पळतो!’

१०/
आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. एक, क्षेत्ररक्षक गडबडला तर तो हिट की क्षेत्ररक्षकाची चूक, हे अधिकृत गुणलेखक ठरवतो. म्हणजे नोंदीच्या पोटात एका माणसाचा निर्णय दडलेला असतो. दोन, चाळिशीपर्यंत मैदानात टिकतात ते थोडेच. ज्यांचे पाय लवकर गेले, ते यादीतून आधीच गळाले. उरलेल्यांकडे पाहून वार्धक्याचा नियम सांगणे म्हणजे पुरातून वाचलेल्या घरांवरून गावाची वर्णने करणे होय.

११/
आता माझी हकीकत. लघुप्रबंधासाठी मी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एका तालुक्यातील रयतेचे अर्ज मोजत होते. सारा कमी करावा, मुदत मिळावी, जप्ती थांबवावी, अशा मागण्यांचे ते अर्ज. चार महिने बस्तेच्या बस्ते उलगडले. वर्षागणिक संख्या वाढत गेलेली दिसली आणि मी मोठ्या उत्साहाने लिहिले: रयत धीट होत चालली होती, आपला हक्क मागू लागली होती. प्रकरणाचे शीर्षकही तसेच दिले होते.

१२/
मार्गदर्शक बाईंनी ते वाचले, चष्मा काढला आणि एवढेच विचारले, “अर्ज वाढले, हे दिसतंच आहे. पण अर्ज करायची पाळी किती जणांवर आली, ते मोजलंस का गं?” मी मोजले नव्हते. फेरजमाबंदीनंतर त्या तालुक्यात आकारणी वाढली होती. अडचणीत आलेली कुटुंबेच वाढली, तर अर्ज वाढणारच. दर शंभर अडलेल्या कुटुंबांमागे अर्ज वाढले की घटले, हा खरा प्रश्न होता आणि तो माझ्या प्रकरणात कोठेच नव्हता. शिवाय जे अर्ज न करताच गाव सोडून गेले, त्यांची नोंद माझ्या बस्त्यांत असणार तरी कशी?

१३/
त्या काळात रात्री वसतिगृहात मी बेसबॉलचे जुने सामने पाहत असे. बाईंचा प्रश्न डोक्यात असताना जीटरच्या कारकिर्दीतील अखेरच्या हिटचे चित्रण समोर आले. २८ सप्टेंबर २०१४, बोस्टनचे फेनवे पार्क. वय चाळीस. त्याने मारलेला चेंडू मातीवर आपटून उंच उसळला, तिसऱ्या बेसच्या बाजूला खाली आला आणि तोवर जीटर पहिल्या बेसवर पोहोचला होता. ३,४६५ हिटांतील शेवटचा हिट म्हणजे एक बाल्टिमोर चॉप. त्यावर तिसऱ्या बेसवरून धाव पूर्ण करणारा खेळाडू होता इचिरो सुझुकी. तेव्हा दोघे एकाच संघात होते. हिट मिळताच जीटरने मैदान सोडले आणि त्याच्या जागी दुसरा धावक आला.

१४/
ते पाहताना माझी चूक मला लख्ख दिसली. कीलरचा चॉप डावपेचाचा, इचिरोचा कारागिरीचा, जीटरचा उतारवयाचा. नोंदवहीत तिघांच्या नावापुढे एकच खूण. मी त्या खुणेवरून थेट मनोबलाचे अनुमान काढले होते, कारण मला ते अनुमान हवे होते. धीट होत जाणारी रयत मला आवडत होती, जशी वयाला हरवणाऱ्या खेळाडूची कथा आपणा सर्वांना आवडते.

१५/
प्रकरण पुन्हा लिहिले. मात्र नव्या मसुद्यात ‘ही केवळ अगतिकता होती’ असेही मी लिहिलेले नाही. रेंगाळलेला चेंडू दुबळ्या हाताचा असला, तरी पुढचे ९० फूट कोणी फुकट देत नाही, धावावे लागतेच. अडलेल्या माणसानेही अर्ज लिहवून घेतला, तालुक्याची वाट तुडवली. संकट आणि जिद्द या दोहोंचा वाटा वेगवेगळा मोजणे, हेच काम आहे आणि ते सावकाशीचे आहे.

१६/
शेवटी इचिरो. २१ मार्च २०१९, टोकियो डोम, वय पंचेचाळीस. कारकिर्दीतील अखेरच्या वेळी त्याने मारलेला चेंडू शॉर्टस्टॉपकडे हळू गेला. तो जीव तोडून धावला. फेक थोडक्यात आधी पोहोचली आणि पंचाने त्याला बाद दिले. पंधरा वर्षांपूर्वी तोच कदाचित हिट ठरला असता. उसना मिळणारा अर्धा क्षणही एका वयानंतर पुरत नाही, म्हणून ही वाढ कायमची नसते.

१७/
तेव्हा, मित्रहो, दप्तरात वाढणारा आकडा दिसला की तीन प्रश्न विचारा. किती संधींपैकी हा आकडा आला? नोंद कोणी आणि कशी केली? यादीतून कोण आधीच गळाले? तुमच्या वाचनात असा फसवा आकडा आला असेल, तर खाली अवश्य लिहा. माझा तर वर दिलाच आहे. येथे थांबते.