उंबऱ्याबाहेर थांबलेला माणूस

१९५६ च्या 'द सर्चर्स' या चित्रपटाचा शेवट अनेक रसिकांच्या डोळ्यांपुढे जसाच्या तसा उभा राहतो. वर्षानुवर्षांच्या शोधानंतर पळवून नेलेली पुतणी घरी परतते. सगळे आत जातात, पण ईथन एडवर्ड्स, म्हणजे जॉन वेन, उंबऱ्याबाहेरच थांबतो. डाव्या हाताने उजवा हात कोपराशी धरून क्षणभर उभा राहतो, मग वळून माळाकडे चालू लागतो. दार मिटते.

हात धरून उभे राहण्याची ही लकब मुळात हॅरी केरी यांची.

१९१७ साली दिग्दर्शक जॉन फोर्ड तेवीस वर्षांचे होते आणि श्रेयनामावलीत 'जॅक फोर्ड' असे नाव लावत. त्या वर्षीचा 'स्ट्रेट शूटिंग' हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, नायक केरी. युनिव्हर्सलने दोनच रिळे मागितली असता फोर्ड यांनी पाच भरवली, असा किस्सा आहे. (फोर्ड यांच्याभोवतीचे किस्से जरा जपूनच घ्यावेत.)

कथा साधी आहे. गुरांचे कळप बाळगणारा जमीनदार एका शेतकरी कुटुंबाला हुसकावण्यासाठी शायेन हॅरी या बंदूकबाजाला भाड्याने आणतो. हॅरी तेथे पोहोचतो, तेव्हा ते कुटुंब आपल्या मारल्या गेलेल्या मुलाला मूठमाती देत असते. तो थबकतो, आणि त्या कबरीपाशीच त्याची बाजू बदलते. बंदुकीच्या चकमकी पुढे आहेतच, पण चित्रपटाचा खरा कणा ही थबकण्याची घटका आहे. 'यंग मिस्टर लिंकन', 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन', 'शी वोअर अ यलो रिबन' या पुढच्या चित्रपटांतही फोर्ड यांचा नायक कबरीशी येऊन बोलतो. घराच्या अंधारातून दाराच्या चौकटीपलीकडचा उजेड दाखवणारी दृश्येही १९१७ मध्येच दिसतात. अशा कृतीला 'उमेदवारीच्या काळातली' म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे आहे.

मात्र १९५६ च्या प्रेक्षकाला हे ताडून पाहण्याची सोयच नव्हती. मूकपट नायट्रेट फिल्मवर असत. ती ज्वालाग्राही, आणि बोलपट आल्यावर तिला बाजारही उरला नाही. १९४८ मध्ये युनिव्हर्सलने स्वतःच आपल्याकडचा मूकपटांचा साठा नष्ट केला. 'स्ट्रेट शूटिंग'ची प्रत सापडली ती १९६६ साली, चेकोस्लोव्हाकियाच्या चित्रपट संग्रहालयात. मूळ हाती येण्याआधी दहा वर्षे त्याला वाहिलेली आदरांजली पडद्यावर झळकत होती.

केरी १९४७ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी फोर्ड यांनी 'थ्री गॉडफादर्स' त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. हा चित्रपट म्हणजे दोघांच्या १९१९ मधील 'मार्क्ड मेन' या मूकपटाचीच नवी आवृत्ती. तो मूकपट आजही बेपत्ता आहे.

'द सर्चर्स'मध्ये केरी यांच्या पत्नी ऑलिव्ह यांचीही भूमिका आहे. शेवटच्या दृश्यात त्या आपल्यासमोरून घरात शिरतात. वेन यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, आत आल्यावर त्या कॅमेऱ्यामागे उभ्या राहून त्यांच्याकडे पाहत होत्या. त्यांना पाहूनच वेन यांनी आपला उजवा हात कोपराशी धरला.