चुनखडकाच्या पट्ट्यातून : वेल्स ते बार्नॅक

इंग्लंडच्या नकाशावर डॉर्सेटच्या समुद्रकिनाऱ्यापासून यॉर्कशायरपर्यंत, म्हणजे नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे, चुनखडकाचा एक तिरका पट्टा जातो. सॉमरसेट, ग्लॉस्टरशायर, ऑक्सफर्डशायर, नॉर्थॅम्प्टनशायर, रटलंड आणि लिंकनशायर या काउंट्या त्याच्या वाटेवर येतात. हा दगड जुरासिक काळातला. त्यातला बांधकामाला उत्तम असा बराचसा भाग सुमारे १६ ते १७ कोटी वर्षांपूर्वी उबदार, उथळ समुद्राच्या तळाशी साचला. भिंगाखाली धरला तर त्याचे अनेक प्रकार माशाच्या गाबोळीसारखे दिसतात : बारीक, गोल, एकमेकांना चिकटलेले दाणे. त्यात मिसळलेल्या लोहाच्या संयुगांमुळे त्याला पिवळा रंग येतो, आणि लोह कमीजास्त तसा रंग दर काही मैलांनी बदलतो. या पट्ट्यावरच्या जुन्या गावांची भिंत, चौकट, धुराडे, कुंपण आणि पुष्कळदा छप्परही जवळच्याच खाणीतून आलेले असते. प्रस्तुत लेखकाने कॅमेरा घेऊन हा पट्टा दक्षिणेकडून उत्तरेकडे पाहिला. दिनदर्शिकांवर ही सारी गावे एकाच मधाळ रंगाची दिसतात. प्रत्यक्षात कोणतीही दोन गावे एका रंगाची नाहीत, आणि तो फरक टिपणे हेच छायाचित्रकाराचे खरे काम आहे.

सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर सराव झालेल्या हाताला येथे सुरुवातीला अडचण येते. बेसॉल्ट प्रकाश गिळतो. किल्ल्याच्या तटाचे छायाचित्र घेताना सावलीतला तपशील वाचवण्याची धडपड करावी लागते. चुनखडक उलट प्रकाश परतवतो. अरुंद गल्लीत एका बाजूच्या भिंतीवर ऊन पडले की समोरची सावलीतली भिंत त्याच उन्हाच्या परतीच्या उजेडात उबदार दिसू लागते. कॅमेऱ्याचा स्वयंचलित व्हाइट बॅलन्स नेमकी हीच छटा दोष समजून पुसून टाकतो, म्हणून तो बंद ठेवणे आवश्यक ठरते. सूर्याची उंचीही वेगळी. बाथ शहर ५१ अंश उत्तर अक्षांशाच्या थोडे वर आहे. तेथे डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो, तर पुण्यात त्याच दिवशी तो सुमारे ४८ अंशांवर असतो. त्यामुळे तिकडच्या हिवाळ्यात दिवसभर तिरपा उजेड मिळतो आणि पाथरवटाच्या टाकीची प्रत्येक खूण उठून दिसते.

सॉमरसेटमधल्या वेल्स शहराचे कॅथेड्रल डाउल्टिंगच्या खाणीतल्या दगडाचे आहे. पश्चिम दर्शनी भागावरच्या मूर्तींच्या रांगा आणि आतल्या एकमेकींना उलट्या भिडलेल्या, कात्रीसारख्या कमानी (या १४ व्या शतकाच्या पूर्वार्धातल्या) पाहायला माणसे येतात, पण छायाचित्रणाच्या इतिहासातली जागा येथल्या एका जिन्याने मिळवली आहे. चॅप्टर हाउसकडे (धर्मगुरूंच्या सभेच्या दालनाकडे) जाणाऱ्या या १३ व्या शतकातल्या पायऱ्या पावलांनी झिजून मध्ये खोलगट झाल्या आहेत. त्यांचाच एक ओघ उजवीकडे वळतो, दुसरा सरळ वर चढतो. फ्रेडरिक एच. एव्हान्सने १९०३ मध्ये घेतलेल्या त्यांच्या छायाचित्राला ‘पायऱ्यांचा समुद्र’ अशा अर्थाचे नाव आहे. एव्हान्स मूळचा पुस्तकविक्रेता. छापलेल्या चित्रावर हात फिरवणे त्याला मान्य नव्हते. जे हवे ते उजेड आणि जागा निवडूनच मिळवायचे, हा त्याचा आग्रह. प्लॅटिनमच्या कागदावरचे त्याचे ठसे करड्या रंगाच्या असंख्य पायऱ्यांनी भरलेले असतात, आणि चुनखडकाला तेच मानवते. त्या जिन्याच्या तळाशी उभे राहिल्यावर एक गोष्ट ध्यानात येते : ती लाट एव्हान्सने निर्माण केलेली नाही. सहाशे वर्षांच्या पावलांनी ती केली होती. त्याने फक्त ती जेथून दिसते ती जागा आणि वेळ शोधली.

बाथमध्ये मात्र दगड सपाट आणि शिस्तीत येतो. तो शहरालगतच्या टेकड्यांखालचा, मुख्यतः कूम डाउनच्या खाणींतला. टपालव्यवस्थेत पैसा कमावलेल्या राल्फ ॲलनने १७२० च्या दशकात या खाणी घेतल्या आणि दगड नदीपर्यंत उतरवायला लाकडी रुळांची वाट बांधली. हा दगड कोणत्याही दिशेने कापता येतो. खाणीतून निघताना तो ओला व मऊ असतो आणि वाळल्यावर कठीण होतो. थर मात्र सांभाळावे लागतात : भूगर्भात तो जसा आडवा होता तसाच भिंतीत बसवला तर टिकतो, उभा केला तर पापुद्रे सुटतात. बाथच्या जुन्या भिंतींवर कोठे पापुद्रा सुटला आहे हे शोधत फिरले की कोणत्या कंत्राटदाराने घाई केली हे आजही कळते. असे तपशील दर्शनी देखाव्यापेक्षा अधिक बोलके असतात.

देखावाही मोठाच आहे. थोरल्या जॉन वूडने आखलेल्या ‘सर्कस’ या वर्तुळाकार घरांचे काम १७५४ मध्ये सुरू झाले. तीन कमानदार खंडांत विभागलेल्या या वर्तुळावर ऊन घड्याळाच्या काट्यासारखे फिरते, त्यामुळे तिन्ही खंड एकाच वेळी उजळलेले कधीच सापडत नाहीत. ज्याला संपूर्ण वर्तुळ एका चित्रात हवे त्याने ढगाळ दिवसाची वाट पाहावी. धाकट्या जॉन वूडचा ‘रॉयल क्रेसेंट’ १७६७ ते १७७५ या काळात उभा राहिला. तीस घरांचा सलग अर्धचंद्र, पुढे हिरवळ आणि ११४ स्तंभ. पण वूडने फक्त दर्शनी भिंत ठरवून दिली होती. मागचे घर प्रत्येक गिऱ्हाइकाने आपल्या मर्जीने बांधले. म्हणून पुढून एकच इमारत वाटणारी ही रांग मागून पाहिली तर कोणाची भिंत पुढे, कोणाचे छप्पर उंच, कोणाची खिडकी भलतीकडे अशी दिसते. पाठीमागच्या गल्लीतले छायाचित्र समोरच्याइतकेच खरे आहे आणि ते फार कमी लोक घेतात.

बाथ ॲबी या चर्चच्या पश्चिम भिंतीवर दगडी शिड्यांवरून चढणारे-उतरणारे देवदूत आहेत. दुपार कलली की ऊन समोरून त्यांच्यावर येते. आतल्या लांब दालनावरचे पंख्यासारखे पसरलेले दगडी छत १९ व्या शतकात जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने पूर्वेकडच्या जुन्या छताला जुळवून करून घेतले. याच स्कॉटने मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहाचे आणि राजाबाई टॉवरचे आराखडे केले. तो स्वतः मुंबईला कधी आला नाही. कुर्ल्याच्या पिवळसर दगडाचा टॉवर लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला बाथच्या छताखाली ओळखीचे काही दिसते, ते यामुळे.

शहरातल्या काही भिंती अजून काळ्या आहेत. कोळशाच्या धुरातले गंधकाचे वायू चुनखडकाशी मिसळून जिप्सम तयार होते आणि त्यात काजळी अडकून काळी खपली धरते. पाऊस थेट लागतो तेथे ती धुऊन जाते, छज्ज्याखाली राहते. म्हणून जुन्या घरांवर पांढरे-काळे ओघळ दिसतात. विसाव्या शतकात बऱ्याच इमारती धुऊन काढल्या गेल्या. स्वच्छ भिंत सुंदर दिसते हे निर्विवाद. तरीही एखादी न धुतलेली भिंत सापडली तर ती टिपलीच पाहिजे, कारण कोळशाच्या दोन शतकांचा पुरावा तीवर आहे. छायाचित्र हा पुरावा असतो हे बाथने कठोर रीतीने शिकवले. एप्रिल १९४२ च्या अखेरीस जर्मन बॉम्बहल्ल्यांत येथे चारशेहून अधिक माणसे मेली आणि असेंब्ली रूम्स ही १८ व्या शतकातली सभागृहे जळाली. धोक्यातल्या इमारतींची चित्रे व आराखडे गोळा करण्यासाठी १९४१ मध्येच राष्ट्रीय इमारत नोंदसंग्रह सुरू झाला होता. युद्धानंतर बॉम्बहल्ल्यांतून वाचलेली कारागिरांची साधी घरे नगररचनेच्या नावाखाली पाडली गेली. त्याविरुद्ध ॲडम फर्ग्युसनचे १९७३ मधले पुस्तक उभे राहिले, आणि त्यातल्या पडक्या रांगांच्या छायाचित्रांनी मजकुराइतकेच काम केले.

बाथजवळच्या ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनला नदीकाठी १४ व्या शतकातले धान्याचे प्रचंड दगडी कोठार आहे. त्याच्या आतल्या लाकडी तुळयांसाठी लांब एक्स्पोजर आणि ट्रायपॉड लागतो. तेथून लॅकॉकला जाता येते.

लॅकॉक हे या मार्गावरचे छायाचित्रकाराचे तीर्थ. १३ व्या शतकात येथे जोगिणींचा मठ स्थापन झाला. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केल्यावर त्या इमारतीचे राहते घर झाले आणि पुढे ते विल्यम हेन्री फॉक्स टॅलबटकडे आले. १८३३ मध्ये इटलीतल्या कोमो सरोवरावर चित्र काढताना त्याचा हात जमेना, तेव्हा उजेडानेच आपली प्रतिमा कागदावर उमटवावी ही कल्पना त्याला सुचली. घरी येऊन मीठ आणि चांदीचे क्षार लावलेले कागद त्याने लहान लाकडी पेट्यांत घातले. या पेट्या घरभर मांडून ठेवलेल्या असत. त्याची पत्नी कॉन्स्टन्स त्यांना उंदराचे सापळे म्हणे. ऑगस्ट १८३५ मध्ये अशाच एका पेटीने दक्षिणेकडच्या दालनातल्या जाळीदार काचेच्या खिडकीचे चित्र धरले. आज हयात असलेली ती जगातली सर्वांत जुनी निगेटिव्ह. आकार टपालाच्या तिकिटापेक्षा फारसा मोठा नाही, पण भिंगाने खिडकीच्या सुमारे २०० काचा मोजता येत होत्या असे टॅलबटने स्वतः नोंदवले.

ती खिडकी जागेवर आहे. उन्हाळ्याच्या दिवशी तीसमोर उभे राहिले की टॅलबटची निवड किती शहाणपणाची होती ते उमजते. मंद कागदाला तासन्‌तास हलणार नाही असा विषय हवा होता आणि भरपूर उजेड हवा होता. दगडी चौकट आणि तिच्यातून येणारे दक्षिणेचे ऊन यांनी दोन्ही दिले. छायाचित्रणाला पहिली काही वर्षे माणूस परवडत नव्हता, इमारत परवडत होती. निगेटिव्ह आणि तिच्यापासून हव्या तितक्या प्रती ही टॅलबटची पद्धत पुढे फिल्मच्या अखेरीपर्यंत चालली, म्हणजे पुण्या-मुंबईच्या प्रत्येक स्टुडिओतल्या अंधाऱ्या खोलीचा उगम या खिडकीशी पोहोचतो. लॅकॉक गाव १९४४ पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे. दगड, लाकडी सांगाडा आणि विटा या तिन्हींची घरे येथे शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे चित्रपटांचे चित्रीकरण सतत चालते.

उत्तरेला कॉट्सवोल्डच्या टेकड्यांत दगडाचा पिवळेपणा वाढत जातो. या गावांची श्रीमंती मेंढ्यांची. मध्ययुगात येथली लोकर इटलीपर्यंत जाई, आणि बर्फर्ड, नॉर्थलीच, चिपिंग कॅम्डन येथली मोठाली चर्चे त्या पैशांवर उठली. कापडाचा धंदा पुढे पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या गिरण्यांकडे, खोऱ्यांत गेला. टेकडीवरच्या गावांकडे नवे बांधायला पैसा उरला नाही, म्हणून जुने राहिले. बायबरीची आर्लिंग्टन रो ही उतरत्या छपरांची रांग मुळात १४ व्या शतकातले लोकरीचे कोठार आणि १७ व्या शतकात विणकरांची घरे झाली. तेथे आजही माणसे राहतात. त्यांच्या खिडकीत भिंग खुपसू नये.

चिपिंग कॅम्डनचा मुख्य रस्ता सरळ नाही, मंद वळणाचा आहे. त्यामुळे चालताना घरे एकामागून एक उलगडतात आणि लांब भिंग वापरले तर छपरे एकमेकांवर रचल्यासारखी दिसतात. १४०१ मध्ये मेलेला लोकरीचा व्यापारी विल्यम ग्रेव्हेल याचे घर रस्त्यावर आहे आणि पितळेच्या पत्र्यावर कोरलेली त्याची आकृती चर्चमध्ये. मधोमध १६२७ चा उघडा बाजारमंडप. त्याची ओबडधोबड दगडी जमीन संध्याकाळच्या तिरप्या उजेडात नांगरलेल्या शेतासारखी दिसते. याच गावात १९०२ मध्ये वास्तुविशारद सी. आर. ॲशबीने लंडनच्या ईस्ट एंडमधून आपला कारागिरांचा संघ सहकुटुंब आणला. तो १९०८ पर्यंत मोडला, पण तेवढ्यात एक काम होऊन गेले. कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामी त्या वेळी जवळच्या ब्रॉड कॅम्डनमध्ये, ॲशबीने दुरुस्त केलेल्या जुन्या नॉर्मन प्रार्थनागृहात राहत होते. मूळचे भूशास्त्रज्ञ असलेल्या कुमारस्वामींचा सिंहली कलेवरचा ग्रंथ १९०८ मध्ये विल्यम मॉरिसच्या छापखान्यातून संघाकडे आलेल्या यंत्रावर छापला गेला. त्यातली छायाचित्रे त्यांची तेव्हाची पत्नी एथेल हिने सिलोनमध्ये घेतली होती. आपल्याकडे कुमारस्वामी वाचले जातात ते नटराजासाठी. या पिवळ्या भिंतींशी त्यांचे नाते फारसे सांगितले जात नाही.

तेथून ईशान्येला स्टॅमफर्ड. १९६७ च्या कायद्याखाली इंग्लंडमधले पहिले संवर्धन क्षेत्र हेच. उत्तरेकडे जाणाऱ्या जुन्या महामार्गावर घोडागाड्यांमुळे हे शहर भरभराटीला आले, पण उत्तरेचा मुख्य लोहमार्ग पीटरबरोवरून गेला आणि कारखाने तिकडे गेले. येथे आसपासच्या खाणींतला वेगवेगळा दगड भेटतो : केटनचा फिकट, किंचित गुलाबी झाक असलेला, क्लिप्शमचा टणक, आणि शिंपल्यांच्या तुकड्यांनी खडबडीत झालेला बार्नॅकचा. पावसानंतर ओल्या भिंतींतला फरक कोरड्यापेक्षा स्पष्ट होतो. छपरे कॉलीवेस्टनच्या पातळ दगडी फरश्यांची. खाणीतून काढलेले दगडाचे ठोकळे ओले ठेवून हिवाळ्यात उघड्यावर पसरत. थरांमधले पाणी गोठून फुगले की दगड आपोआप फाटे. मोठ्या फरश्या वळचणीला आणि वर जावे तशा लहान, अशी त्यांची मांडणी असते. त्यामुळे रस्त्यावरून घेतलेल्या चित्रात छप्पर आहे त्याहून उंच भासते. शिफ्ट लेन्सने उभ्या रेषा सरळ केल्या तरी हा भास जात नाही, आणि तो घालवूही नये.

बार्नॅक गाव स्टॅमफर्डपासून काही किलोमीटरवर. पीटरबरो आणि ईली येथल्या कॅथेड्रलांचा दगड येथून पाणमार्गाने गेला. इ. स. १५०० च्या सुमारास चांगला दगड संपला आणि खाण सोडून दिली गेली. मागे राहिलेल्या खड्ड्या-ढिगाऱ्यांवर गवत वाढले. आज ते राष्ट्रीय निसर्गराखीव क्षेत्र आहे आणि एप्रिलमध्ये उतारांवर जांभळी पास्कफुले येतात. भर दुपारी तेथे छायाचित्राला काहीच सापडत नाही, नुसते हिरवे चढउतार. सूर्य मावळतीला टेकला की प्रत्येक खड्ड्यात सावली भरते आणि कोठून किती दगड उचलला गेला ते दिसू लागते.